एका तबकडीत दोन काटे

१९५५ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीए ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बाहेर पडू लागली. तिच्या डॅशबोर्डवर वेग आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या दोन मोठ्या तबकड्या होत्या आणि त्यांच्या सोबतीला एक लहान तबकडी होती, जिच्यात दोन काटे होते. एक काटा इंजिनातल्या तेलाचा दाब सांगे, दुसरा पाण्याचे तापमान. ऑस्टिन-हीली १०० मध्ये, चिमुकल्या स्प्राइटमध्ये, सुरुवातीच्या एमजीबीमध्येही अशी जोडतबकडी आहे. या गाड्या आता साठ-सत्तर वर्षांच्या झाल्या. एखाद्याची तबकडी कायमची निकामी झालेली असते, एखाद्याने इंजिन बदललेले असते, एखाद्याकडे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आलेला असतो आणि त्याला व्होल्ट दाखवणारा काटा हवा असतो. डॅशबोर्डला नवे भोक पाडायला मात्र कुणी धजावत नाही. मग जुन्याच डब्यात, जुन्याच काचेमागे, हव्या त्या दोन मापांची नवी तबकडी बनवून घेतली जाते. अस्सलतेचे आग्रही लोक अशा कामाकडे पाहून नाक मुरडतात. त्यांचा आग्रह मला समजतो, पण या व्यवसायाचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. जोडतबकडी मुळात जन्मली तीच उपलब्ध यंत्रे, उपलब्ध जागा आणि चालकाची गरज यांची सांगड घालताना. आज ती बनवणारा माणूस तेच काम पुढे नेत असतो. ते नीट करायचे तर जुन्या जोड्या कोणत्या कारणांनी जुळल्या, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

सुरुवात तेलापासूनच करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बऱ्याच मोटारींत तेल थेंबाथेंबाने बेअरिंगांकडे जाई आणि चालकासमोरच्या फळीवर काचेच्या छोट्या नळ्या बसवलेल्या असत. त्यांतून पडणारे थेंब डोळ्यांनी पाहायचे, चढ आला की स्क्रू फिरवून थेंब वाढवायचे, ही चालकाची नित्याची कामगिरी होती. पुढे इंजिनात पंप आला आणि तेल दाबाखाली फिरू लागले. थेंब दिसेनासे झाले, तसे दाब मोजणे भाग पडले. त्यासाठी नवा शोध लावायची गरज नव्हती. पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी एका दाबमापकाचे पेटंट घेतले होते. चपटी केलेली धातूची नळी अर्धवर्तुळात वाकवायची आणि तिचे एक टोक बंद करायचे. उघड्या टोकातून दाब आत आला की नळी किंचित सरळ होऊ पाहते. ती हालचाल एका दांडीने दातेरी पट्टीला आणि पट्टीने छोट्या दातेरी चाकाला दिली की चाकावरचा काटा फिरतो. आगगाडीच्या बॉयलरवर रुळलेले हे यंत्र आकाराने लहान होऊन मोटारीत आले, आणि इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळीने खरोखरीचे गरम तेल चालकाच्या गुडघ्यापाशी येऊन थांबू लागले. पुढच्या सगळ्या गोष्टीत या वाकड्या नळीचा वाटा मोठा आहे.

वेगाच्या काट्याची वाट निराळी. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि आपण किती वेगाने जात आहोत, हा प्रश्न पोलिसाइतकाच चालकालाही पडू लागला. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्सेने १९०२ मध्ये चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले होते. केबलने फिरणारे लोहचुंबक, त्याच्याभोवती त्याला न शिवणारी ॲल्युमिनियमची वाटी, आणि वाटीला मागे खेचणारी केसासारखी स्प्रिंग, एवढ्यावर ते चालते. असली नाजूक यंत्रे बनवायची सवय मोटारवाल्यांना नव्हती, ती घड्याळजींना होती. म्हणून हा धंदा घड्याळजींच्या हाती गेला. लंडनच्या एस. स्मिथ अँड सन्स या घड्याळांच्या पेढीने १९०४ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या मर्सिडीझसाठी वेगमापक बनवला. पॅरिसमध्ये एदमाँ जेगर हा आल्सासमधून आलेला घड्याळजी याच वाटेने मोटारीकडे वळला. पुढे १९२७ च्या सुमारास जेगरची लंडनमधली शाखा स्मिथ्सच्या ताब्यात आली. पन्नासच्या दशकातल्या ट्रायम्फ गाडीच्या तबकडीवर जेगर हे फ्रेंच नाव दिसते, पण ती घडली ती लंडनच्या क्रिकलवूड भागात, स्मिथ्सच्या छत्राखाली. खुद्द अस्सल तबकडीवरच्या नावाची ही गत आहे, हे अस्सलतेची चर्चा करताना विसरून चालत नाही.

गाडी बनवणारा आणि तबकडी बनवणारा वेगळे असल्यामुळे डॅशबोर्ड ही पहिल्यापासून जुळवाजुळवीची जागा राहिली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी महागड्या गाडीचा सांगाडा एक कंपनी देई, वरची काया दुसरी पेढी बांधे, आणि काय काय दिसले पाहिजे हे गिऱ्हाईक सांगे. १९२८ च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या ड्यूसेनबर्ग मॉडेल जे गाडीच्या डॅशबोर्डवर उंचीमापक होता आणि स्टॉपवॉचसुद्धा. स्वस्त गाड्यांत गरज आणि ऐपत यांचा मेळ निराळ्या पद्धतीने बसे. १९४५ ते १९४९ दरम्यान बनलेल्या एमजी टीसीमध्ये चालकाच्या समोर इंजिनाचे फेरे मोजणारी तबकडी आहे आणि वेगाची तबकडी शेजारच्या माणसापुढे. शिवाय फेऱ्यांच्या तबकडीच्या पोटात घड्याळ बसवलेले आहे. काय आधी वाचायचे आणि काय नंतर, याबद्दल कुणीतरी ठाम मत बनवले होते आणि ते पत्र्यावर उतरवले होते. त्या घड्याळाने जागा वाचली एवढेच. फेऱ्यांशी वेळेचा काही संबंध नाही. एका काचेमागे दोन मापे ठेवण्याची प्रथा जोडतबकडीच्या आधीच रुळली होती, हे मात्र यावरून दिसते.

आता ती जोडतबकडी उघडून पाहू. मागची बाजू वर करून धरली की दोन वाटा दिसतात. एका बाजूला पितळी आट्यांचे तोंड असते, तिथे तेलाची नळी बसते. दुसऱ्या बाजूने तांब्याची, आतून केसाएवढे छिद्र असलेली नळी बाहेर पडते आणि दोन-तीन हात लांब जाऊन एका पितळी फुग्यात संपते. हा फुगा इंजिनाच्या पाण्यात बुडवलेला असतो आणि त्यात ईथर भरलेले असते. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, त्यामुळे पाणी तापले की फुग्यातल्या वाफेचा दाब झपाट्याने चढतो आणि बारीक नळीतून तबकडीपर्यंत पोचतो. तिथे त्याची वाट पाहत असते ती पुन्हा बूर्दोंचीच वाकडी नळी. तापमानाचा काटा प्रत्यक्षात दाबाचा काटा आहे. तबकडीवर अंश लिहिले आहेत इतकेच. एमजीए किंवा हीलीच्या या डब्यात एकाच जातीची दोन यंत्रे पाठीला पाठ लावून बसवलेली आहेत. तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान यांची जोडी का जमली, याचे पहिले उत्तर इथे मिळते. कारखान्याला दोन्ही अर्ध्यांसाठी तीच नळी, तीच दातेरी पट्टी, तोच काटा चालत होता. पेट्रोलची पातळी विजेवर मोजली जाई, म्हणून ती या घरात राहायला आली नाही.

जग्वार एक्सके १२० मधली जोडी हेच उलट बाजूने सिद्ध करते. त्या गाडीत तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान एका तबकडीत आहेतच, पण पेट्रोलच्या तबकडीलाही दुसरे काम दिलेले आहे. बटण दाबले की तोच काटा इंजिनाच्या तळातल्या तेलाची पातळी दाखवतो. पेट्रोल आणि तेल यांचा चालकाच्या विचारात काही संबंध नाही. संबंध आहे तो तरंगणाऱ्या फ्लोटचा. दोन्ही ठिकाणी द्रवाची उंची फ्लोटने मोजायची आणि विजेने काट्यापर्यंत पोचवायची, म्हणून एकच यंत्र दोन्हीकडे जोडता आले. यंत्रांचे नाते आधी आणि अर्थाचे नाते नंतर, असा क्रम या दोन्ही उदाहरणांत दिसतो.

नंतर आलेले नाते मात्र कमी मोलाचे नाही. तेलाच्या दाबाचा आकडा एकटा वाचला तर फसवतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी उलटी धरली तरी थेंब सोडत नाही, तसे गारठलेल्या इंजिनातले तेल घट्ट असते आणि पंप ते ढकलताना काटा वर चढतो. तेच तेल तासभर दामटल्यावर पातळ होते आणि त्याच फेऱ्यांना काटा बराच खाली येतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर दिसलेल्या भरघोस दाबाने खूष व्हायचे कारण नसते आणि घाट चढून आल्यावर थोडा उतरलेला दाब पाहून घाबरायचेही कारण नसते. शेजारचा काटा इंजिन किती तापले हे सांगत असला, तरच पहिल्याचे म्हणणे नीट कळते. पाणी नेहमीच्या जागी आहे आणि दाब खाली आला, तर बेअरिंग झिजले असेल किंवा तेल कमी झाले असेल. दोन्ही एकदम हलले, तर आधी पाण्याकडे पाहायचे. कारखान्याने सोयीसाठी एका डब्यात घातलेली मापे चालकाने एकमेकांच्या संदर्भात वाचायला सुरुवात केली आणि जोडीला अर्थ आला.

यावर एक सरळ हरकत घेतली जाते की हा सगळा अर्थ आपण मागाहून चिकटवतो आहोत, कंपनीला फक्त पैसे वाचवायचे होते. या हरकतीत तथ्य आहे. १९५८ मध्ये आलेली स्प्राइट ही कमी पैशांत स्पोर्ट्स कार देण्यासाठीच योजलेली होती. तिला बाहेरून दाराच्या कड्या नव्हत्या, डिकीला झाकण नव्हते, डोळे वटारल्यासारखे दिवे होते. अशा गाडीत एक भोक, एक डबा आणि एक काच वाचणे ही लहान बचत नव्हे. पण बचतच करायची होती, तर दोन्ही काटे काढून टाकून दोन दिवे लावणे अधिक स्वस्त पडले असते. अमेरिकेत हडसन कंपनीने १९३० च्या दशकातच तेलदाबाच्या आणि बॅटरीच्या तबकड्या काढून त्यांच्या जागी इशाऱ्याचे दिवे बसवले होते आणि पुढे बहुतेक कुटुंबवत्सल गाड्यांनी तोच रस्ता धरला. स्प्राइटचा हिशेब जुळवणाऱ्यांनी दार-कड्यांवर पाणी सोडले आणि दोन काटे ठेवले. काटकसर होती, पण ती कशात करायची आणि कशात नाही याची निवडही होती. तो निर्णय आपण अर्थपूर्ण मानला तर काही वावगे नाही.

दिवा पुरेसा नाही का, ही हरकत त्यातूनच निघते आणि ती आजही घेतली जाते. तेलदाबाचा दिवा साधारणपणे दाब अवघ्या काही पौंडांवर आला की पेटतो. इंजिन जोरात फिरत असताना निरोगी दाब याच्या अनेक पट असतो. काटा निम्म्यावर आला तरी दिवा शांतच असतो, आणि तो पेटतो तेव्हा बेअरिंगांनी बहुधा मान टाकलेली असते. रोज दहा मैल कचेरीत जाणाऱ्या गाडीला हे चालून जाते. आपल्याकडच्या ॲम्बॅसॅडरचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिच्यात वर्षानुवर्षे धावलेले १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले, आणि पहिल्या एमजीएमध्ये होते तेही त्याच घराण्यातले आणि तेवढ्याच सीसीचे. पण ॲम्बॅसॅडरच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे मोजणारी तबकडी नव्हती, एमजीएत ती चालकाच्या नजरेसमोर होती. एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांपुढे वेगवेगळे काटे आहेत, कारण ती कोण चालवणार आणि किती ताणणार याचा अंदाज वेगळा होता. डॅशबोर्ड वापराचे गृहीतक मांडत असतो. गृहीतक बदलले, समजा आज ती एमजीए अधिक ताकदीच्या इंजिनाने चालणार असली, तर काटेही बदलावे लागतात.

काट्यांना विजेने मोकळे केले ते युद्धानंतरच्या काळात. जर्मनीत १९२९ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन व्हीडीओ झाली आणि पोर्शेच्या तबकड्या तिने बनवल्या. पोर्शे ३५६ च्या तीन गोलांपैकी एका गोलात पेट्रोलची पातळी आणि तेलाचे तापमान शेजारी शेजारी बसले आहेत. अर्थाच्या दृष्टीने ही जोडी मला नेहमीच सैल वाटली आहे. पेट्रोल किती उरले याचा तेल किती तापले याच्याशी काही संबंध नाही. पण १९६४ पासून बनू लागलेल्या ९११ मध्ये पाच गोल आले आणि जोड्या नव्याने जुळवल्या गेल्या. तेलाचे तापमान आणि तेलाचा दाब एका गोलात, पेट्रोल आणि तेलाची पातळी दुसऱ्या गोलात. हवेने थंड होणाऱ्या त्या इंजिनात पाणी नाहीच, उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम तेलच करते, त्यामुळे एमजीएच्या जोडीत पाण्याला जी जागा होती ती इथे तेलाच्या तापमानाला मिळणे अगदी यथायोग्य आहे. तेल वेगळ्या टाकीत साठवलेले असल्याने पातळीचा काटा मात्र इंजिन गरम असताना, गाडी सपाट जागी उभी करून, संथ चालू ठेवूनच वाचायचा. धावत्या गाडीत तो काय दाखवतो याकडे लक्ष द्यायचे नाही. विजेचे काटे आल्यावर यंत्रांच्या नात्याची अट उरली नाही, कोणतेही दोन काटे एकत्र नांदू शकत होते. म्हणूनच ३५६ ते ९११ हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे जोडी ठरवणारी सक्ती संपली आणि जोडी ठरवणाऱ्याची जबाबदारी सुरू झाली.

आज जुन्या डब्यात नवी जोडतबकडी बनवणारा कारागीर या स्वातंत्र्याचा वारस आहे, आणि त्याच्या चुका बहुतेक वेळा इतिहास न वाचल्याच्या चुका असतात. पहिली चूक अंकांच्या मांडणीत होते. ईथरच्या वाफेचा दाब तापमानाबरोबर समप्रमाणात वाढत नाही, आधी रेंगाळतो आणि मग उसळतो. म्हणून जुन्या तबकडीवर खालचे अंश दाटीवाटीने आहेत आणि २१२ फॅरनहाइटच्या, म्हणजे पाणी उकळण्याच्या, जवळपास ऐसपैस. योगायोगाने हे चालकाच्या सोयीचेच ठरले, कारण बारकाईने पाहायचे ते तिथेच. संगणकावर सुबक, सारख्या अंतराची तबकडी छापून ती या यंत्रावर बसवली, तर दिसायला देखणी आणि सांगायला खोटी अशी वस्तू तयार होते. उलट आत विजेचे नवे यंत्र असेल आणि वर जुन्या तबकडीची हुबेहूब नक्कल, तरीही काटा खोटे बोलेल. तबकडी नेहमी आतल्या यंत्राला विचारून आखावी लागते. फुगा उकळत्या पाण्यात, मग कोमट पाण्यात धरून, बाजूला खात्रीचा थर्मामीटर ठेवून एकेक खूण करावी लागते.

दुसरी चूक विजेच्या तारेत लपलेली असते. टाकीतला फ्लोट एक रोध बदलतो आणि काटा त्या रोधाला प्रतिसाद देतो. व्हीडीओच्या पद्धतीत टाकी रिकामी असताना सुमारे १० ओहम आणि भरलेली असताना १८०, तर अमेरिकेत रूढ असलेल्या एका पद्धतीत रिकामी असताना २४० आणि भरलेली असताना ३३. एकीचा फ्लोट दुसरीच्या काट्याला जोडला की टाकी भरत जाईल तसा काटा खाली उतरतो. ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकात आलेल्या काट्यांना १० व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो, त्यांना थेट बॅटरीवर जोडले तर ते कायम जास्त दाखवतात. फेऱ्यांच्या तबकडीचे दुखणे आणखी निराळे. स्मिथ्सची विजेवरची जुनी तबकडी इग्निशन कॉइलच्या तारेतून जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके मोजते आणि नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनपुढे अनेकदा गोंधळते. तिच्या पोटात नवे सर्किट बसवावे लागते. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. वेगमापकावर बारीक अक्षरांत छापलेला १२८० सारखा आकडा दिसतो, तो एका मैलाला केबलचे किती फेरे होतात ते सांगतो. गिअरबॉक्स किंवा मागच्या आसाचे प्रमाण बदलून तो आकडा तसाच ठेवला, तर अस्सल दिसणारी तबकडी दर मैलाला चुकत राहते.

आता सगळ्यांत वजनदार हरकत. जुनी गाडी हा दस्तऐवज आहे, त्यात खाडाखोड करू नये, असे म्हणणारे लोक वेडे नाहीत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद मान्य केली. शक्य तितके जतन करा, फेरफार कमीत कमी करा, ते मागे घेता येतील असे करा, त्यांची नोंद ठेवा, असा तिचा रोख आहे. मला त्यातले प्रत्येक कलम पटते. ज्या एमजीएची मूळ तबकडी शाबूत आहे, तिला हात लावू नये. फक्त बारीक नळी तुटून ईथर उडून गेले असेल, तर नवी तबकडी बनवणे हा आळस आहे. स्वस्तातल्या दुसऱ्या मापकाचा भरलेला फुगा नळीसकट घ्यायचा, ईथर आत निपचित राहावे म्हणून तो बर्फ आणि मिठात बुडवून ठेवायचा, नळी कापून जुन्या नळीला पितळी बाहीच्या आधाराने डाग द्यायचा. ही दुरुस्ती हौशी लोक घरच्या टेबलावर करत आले आहेत आणि मूळ तबकडी तीत जशीच्या तशी राहते. पण इंजिनच बदललेले असेल, तर मूळ तबकडी जागेवर ठेवून ती चुकीचे मोजत राहणे ही अस्सलता नव्हे. दस्तऐवज म्हणून तिची जागा खोक्यात, जपून. डॅशबोर्डवर खरे सांगणारा काटाच हवा. अस्सलतेच्या नावाखाली गोठवला जाणारा डॅशबोर्ड कारखान्याने स्वतः कधी गोठवलेला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेचे १९६८ चे सुरक्षा नियम आले तेव्हा तिकडे जाणाऱ्या एमजीबीचा संपूर्ण डॅशबोर्ड बदलून जाड गादीचा झाला. त्या गाडीचा कोणता चेहरा मूळ मानायचा?

अर्ध्या तबकडीत मावणारा काटा पूर्ण तबकडीएवढा बारीक वाचता येत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. त्याच्या वाट्याला वर्तुळाचा लहानसा तुकडाच येतो. पण चालक आकडे वाचतो ते क्वचित, तो काट्याची दिशा वाचतो. शर्यतीच्या गाड्यांत मापक मुद्दाम तिरपे फिरवून बसवत, म्हणजे सगळे ठीक असताना सगळे काटे उभे राहतील आणि एखादा कलंडला तर नजर चटकन तिथे जाईल. नवी जोडी आखताना हा विचार पहिला हवा. दोन्ही काटे नेहमीच्या स्थितीत एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसले पाहिजेत. आणि जोडी निवडताना व्होल्ट आणि तेलाचे तापमान अशी असंबद्ध मापे केवळ जागा आहे म्हणून एकत्र कोंबू नयेत. तेलाचा दाब आणि तेलाचे तापमान ही जोडी ज्या गाडीत शक्य असेल तिथे ती पहिली मानावी, कारण तिच्यात एक काटा दुसऱ्याचा खुलासा करतो.

स्मिथ्सने १९८३ मध्ये मोटारींच्या तबकड्यांचा धंदा लुकास कंपनीकडे सोपवला आणि क्रिकलवूडची ती परंपरा संपली. स्मिथ्स हे नाव आता वेल्समधली केअरबाँट ही छोटी कंपनी जुन्या धाटणीच्या मापकांवर वापरते. व्हीडीओ हे नावही मानेसमान, सीमेन्स, कॉन्टिनेंटल असे हात बदलत गेले. मूळ कारखाने मदतीला नाहीत, तेव्हा गाडीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर येते. म्हणून अशी तबकडी बनवून घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. तिच्या पाठीवर बनवल्याचे वर्ष, आतल्या यंत्राची जात, फ्लोटचे किंवा सेन्सरचे ओहम आणि ज्या इंजिनासाठी ती आखली त्याचा क्रमांक कोरून घ्या. काढलेली जुनी तबकडी, तिची नळी आणि फुगा एका डब्यात घालून गाडीसोबतच ठेवा, आणि गाडी विकाल त्या दिवशी तो डबाही नव्या मालकाच्या हाती द्या.